दोन राज्यांतल्या दोन वर्गांची पोस्टकार्डं: पहिली फेरी होते, पुढच्या कशा टिकवायच्या?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता सहावी, पट ३८. समोरची शाळा पश्चिम ओडिशात, बरगढ जिल्ह्यात. तिथेही सहावीच, पट २६. 'एक भारत श्रेष्ठ भारत' या केंद्र सरकारच्या राज्यजोडी उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे (गोव्याची झारखंडशी), त्यामुळे केंद्रप्रमुखांना पटवायला फार शब्द खर्च करावे लागत नाहीत. दोन्ही मुख्याध्यापक तयार आहेत.

व्हिडिओ कॉल, ईमेल नको आहे. पोस्टकार्डंच हवीत. अडलेल्या गोष्टी अशा: ३८ आणि २६ यांचा मेळ कसा घालायचा, मुलांनी कोणत्या भाषेत लिहायचं, कार्डं सुटी टाकायची की एका पाकिटात, आणि वर्षात किती फेऱ्या झेपतात. 'स्तुत्य उपक्रम' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, नेमकं काहीतरी सांगा.

सहावी_अ

पटाचं आधी. एकास एक जोडी लावायची तर तिकडच्या १२ मुलांना दोन-दोन कार्डं लिहावी लागतील (१४ मुलांना एकेक जोडीदार, १२ मुलांना दोन-दोन, म्हणजे १४ + २४ = ३८). पहिल्यांदा ती हौसेनं लिहितील. दुसऱ्यांदा दुसरं कार्ड दोन ओळींचं येईल, आणि ते ज्याला मिळेल तो हिरमुसेल.

त्यापेक्षा १३ गट करा. तिकडे प्रत्येक गटात दोन मुलं. आपल्याकडे १२ गटांत तिघं आणि एका गटात दोघं. गटाला क्रमांक द्या, म-१ ते म-१३ आणि ओ-१ ते ओ-१३. मुलाचं कार्ड गटाला जातं, उत्तर गटाला येतं. एखादं मूल आठवडाभर गैरहजर असलं, ऊसतोडीला गेलेल्या घरातलं असलं किंवा वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेलं, तरी समोरच्याचा धागा तुटत नाही. एकास एक जोडीत तो हमखास तुटतो आणि त्याचं खापर पोस्टावर फुटतं.

चाफेकळी

गटाचं गणित बरोबर आहे, पण तिघांत दोन कार्डं आली की एकाचा हात रिकामा. अकरा वर्षांच्या मुलाला 'आपल्या गटाला आलंय ना' हे पटत नाही. गट ठेवा, पण पहिल्या फेरीत तरी तिकडच्या बाईंना सांगून १२ जादा कार्डं लिहून घ्या, म्हणजे प्रत्येकाच्या हातात एक येईल. पुढच्या फेऱ्यांत दोन कार्डं चालतील, फक्त प्रत्येक कार्डात तिघांचीही नावं आणि तिघांच्या प्रश्नांची उत्तरं हवीत, ही अट दोन्ही शिक्षकांनी आधी ठरवून घ्यावी.

डाकथैली

टपालाच्या बाजूनं लिहितो. सविस्तर लिहितो, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात.

साधं पोस्टकार्ड ५० पैशांचं, माप १४ × ९ सेंटीमीटर. २५ पैशांचं मेघदूत कार्ड मिळालं तर त्यावर पत्त्याच्या बाजूला डावीकडे जाहिरात छापलेली असते, म्हणजे मजकुराची तेवढी जागा गेली. गावच्या शाखा डाकघरात एकदम दीडशे कार्डं नसतात. ब्रँच पोस्टमास्तरांना आठवडाभर आधी आकडा सांगा, ते उपडाकघरातून मागवतात. नाहीतर तालुक्याच्या डाकघरातून थेट आणा.

पत्त्याच्या बाजूचा उजवा अर्धा भाग पत्ता आणि तिकिटासाठी. तिथे फूल, पताका, 'जय महाराष्ट्र' काहीही नको. डाव्या अर्ध्या भागात मजकूर चालतो. छापील तिकिटावर शाळेचा शिक्का मारू नका. ते रद्द करण्याचं काम डाकघराचं, आणि आधीच शिक्का बसलेलं तिकीट वापरलेलं धरलं जातं.

मजकूर हातानं लिहिलेला हवा. 'माझे नाव ____, माझी शाळा ____' असा नमुना छापखान्यातून छापून आणला की ते छापील पोस्टकार्ड होतं आणि त्याचा दर ६ रुपये. बऱ्याच शाळा कार्ड 'नीटनेटकं' दिसावं म्हणून हेच करतात. पत्ता शिक्क्यानं उमटवला तर हरकत नाही.

कार्डावर काही चिकटवू नका. पिंपळपान, टिकल्या, चमकी, फोटो, सगळं वर्ज्य. पान छाननीत गळून पडतं आणि त्याचा डिंक शेजारच्या कार्डाला धरतो.

घरी कापलेली कार्डं वापरायची तर माप १४ × ९ पेक्षा मोठं नको. मोठं झालं की ते पत्राच्या दरात जातं. पत्राला पहिल्या २० ग्रॅमला ५ रुपये लागतात. त्यावर ५० पैशांचंच तिकीट असेल तर कमी पडलेल्या रकमेची दुप्पट समोरच्याकडून मागितली जाते, म्हणजे कार्डामागे ९ रुपये. शाळेत त्या वेळी सुटे पैसे घेऊन कोण बसलेलं असतं? कार्ड परत फिरतं.

पाटीपेन्सिल

छापील नमुन्याचं बरं सांगितलंत, तोच बेत होता. पत्ता कोणत्या लिपीत लिहायचा? आणि सुटी की पाकिटात?

डाकथैली

पत्ता इंग्रजीत, आणि जमलं तर खाली ओडियात. छाननी करणाऱ्याला पिन आणि जिल्हा वाचता आला की झालं, पण शेवटच्या गावात कार्ड हातात घेणारा ग्रामीण डाकसेवक ओडिया किंवा इंग्रजी वाचणार. नुसत्या देवनागरी पत्त्यावर विसंबू नका.

आपल्याकडे जसं 'मु. पो., ता., जि.', तसं ओडिशात 'अॅट, पीओ, व्हाया, डिस्ट' असतं. यातला 'व्हाया' हा उपडाकघराचा. तो अनावश्यक वाटून गाळला जातो आणि सारख्या नावाच्या दोन गावांत कार्ड भटकतं. समोरच्या शाळेकडून पत्ता टाइप करून मागू नका, कागदावर लिहून त्याचा फोटो मागा आणि त्यावरून रबरी शिक्का करून घ्या. तिकडच्या शाळेसाठी आपल्या पत्त्याचाही एक शिक्का करून पहिल्या पाकिटात पाठवा. अडतीस मुलांनी अनोळखी लिपीत नकललेल्या पत्त्यांतले पाच-सहा तरी चुकतातच.

पिन मात्र मुलांना स्वतः चौकोनांत लिहू द्या, इंग्रजी आकड्यांत. पिनची रचना शिकवायला यापेक्षा चांगला तास मिळणार नाही. पहिला अंक विभागाचा: ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ७ म्हणजे ओडिशा, बंगाल आणि ईशान्य. बरगढ भागातले पिन ७६८नं सुरू होतात. पहिले तीन अंक छाननीच्या जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन नेमक्या डाकघरापर्यंत. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, म्हणजे आपल्याच माणसानं. संस्कृतचेही ते मोठे पंडित.

सुटी की पाकिटात यावर इथे भांडण होणार, म्हणून माझं मत आधीच देतो. पहिली फेरी पाकिटात, स्पीड पोस्टानं. (रजिस्टर्ड पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं, तेव्हा वेगळं 'रजिस्टर' मागू नका.) एक कार्ड अडीच-तीन ग्रॅमचं धरलं तर ३८ कार्डं आणि सोबतची यादी, नकाशा मिळून दीडशे ग्रॅमच्या आत बसतात. पाकिटाचा माग काढता येतो. पुढच्या सगळ्या फेऱ्या सुट्या.

सहावी_अ

पहिली फेरीही सुटीच हवी. पाकिटातून गेलेल्या कार्डावर डाकघराचा शिक्का नसतो. मुलं आधी तोच बघतात. कुठल्या गावाचा, किती तारखेचा, किती दिवस लागले. पाकिटातून आलेलं कार्ड वहीच्या पानासारखंच. शिवाय पाकीट हरवलं तर अडतीसच्या अडतीस गेली, सुट्यांत दोन-तीन जातात.

डाकथैली

शिक्क्याचं मान्य. पण पहिल्या फेरीत पत्ता बरोबर आहे की नाही हेच माहीत नसतं. 'व्हाया' चुकला असेल तर अडतीसच्या अडतीस सुटी कार्डं चुकीच्या गावी जातील. पाकिटानं पत्ता तपासून होतो. सुटी कार्डं साधी, नोंद नसलेली डाक असते, तिची चौकशी करता येत नाही.

सुटी टाकताना लाल पेटीत ओतू नका. सगळ्या कार्डांची तोंडं एका दिशेला करा, सुतळीनं आडवी-उभी बांधा (रबरबँड पावसाळ्यात चिकटतो), वर चिठ्ठी लावा: 'सर्व ३८ एकाच पत्त्यावर'. डाकथैली निघायच्या वेळेआधी खिडकीवर द्या आणि शिक्का ठळक मारायची विनंती करा. तरी सगळी एकाच दिवशी पोहोचतील असं धरू नका, चार-पाच दिवसांत विखरून येतात. पहिलं कार्ड आलं त्या दिवशीच वर्गात वाटू नका. एका जाड पाकिटात साठवा आणि आठवड्यानं एकदम काढा, नाहीतर 'माझं का नाही आलं'चा तास रोज.

चाफेकळी

भाषा. मजकूर सोप्या हिंदीत, पाच-सहा ओळी. तिकडची मुलं देवनागरी वाचतात पण सावकाश, म्हणून जोडाक्षरं कमी आणि अक्षर सुटं. शेवटी एक ओळ मराठीत, तिचा अर्थ हिंदीत. आणि समोरच्याचं नाव ओडिया लिपीत. त्या वर्गाची नावांची यादी तिकडच्या शिक्षकांनी मोठ्या अक्षरात हातानं लिहून पाठवावी, संगणकाचा टंक नको. छापील अक्षरात वळण कुठून सुरू होतं ते कळत नाही, गोल अक्षर मुलं चित्रासारखं काढतात आणि वेगळंच अक्षर होतं.

तिकडे घरची भाषा बरीचदा संबलपुरी असते, शाळेची ओडिया. एखाद्या मुलानं संबलपुरी ओळ लिहिली तर 'हे पुस्तकात नाही' म्हणून ती खोडायला सांगू नका. आपल्या मुलांनी वऱ्हाडी किंवा मालवणी ओळ लिहिली तरी तेच.

जागेचा हिशोब आधी करा. मागच्या बाजूला कडेनं अर्धा सेंटीमीटर सोडून ८ मिलीमीटरच्या रेघा पेन्सिलीनं मारल्या तर दहा ओळी बसतात, ओळीत पाच-सहा शब्द. वरच्या चार ओळींच्या जागेत चित्र, खाली सहा ओळी मजकूर, म्हणजे तीस-पस्तीस शब्द. एवढंच. कच्चं लेखन त्याच मापाच्या कागदावर करून घ्या. ए-फोर कागदातून १४ × ९चे बरोबर चार तुकडे निघतात. वहीत कच्चं लिहिलं की मजकूर हटकून दीडपट होतो आणि शेवटच्या ओळी कार्डाच्या कडेनं उभ्या चढतात.

बॉलपेन वापरा. जेल पेन जुलैच्या दमट हवेत फुटतं, शाईचं पेन खडबडीत कार्डावर पसरतं, स्केचपेन मागच्या बाजूला उमटतं. मेणाचे खडू नकोतच, शेजारच्या कार्डाला रंग लागतो. रंगीत पेन्सिली उत्तम.

चुका फार सुधारू नका. पत्ता, नाव आणि वाचताच न येणारा शब्द, एवढंच दुरुस्त करायचं. शिक्षकांनी घोटून घेतलेली अडतीस कार्डं एकसारखी दिसतात आणि समोरच्या मुलाला उत्तर द्यायला त्यात काहीच सापडत नाही.

कोष्टक

उत्तर द्यायला काही सापडणं, यावरच दुसरी फेरी उभी असते. पहिल्या कार्डांत सगळे लिहितात: माझं नाव, माझा आवडता खेळ, माझा आवडता रंग, तुझा कोणता? उत्तर 'निळा' आलं की विषय संपला. दुसऱ्या कार्डात लिहायला काही उरत नाही. त्यामुळे प्रत्येक कार्डात एक प्रश्न असा हवा की उत्तरासाठी समोरच्याला उठून बघावं, मोजावं किंवा घरी विचारावं लागेल. 'तुमच्याकडे भात लावतात का?' हा कच्चा प्रश्न. 'तुमच्या शेताला पाणी कुठून येतं, कालव्याचं की पावसाचं, आणि लावणी कोणत्या महिन्यात?' हा पक्का. बरगढचं उत्तर महानदीवरच्या हिराकुड धरणाच्या कालव्याकडे जाईल आणि मुलं नकाशात महानदी शोधतील. भंडारा-गोंदियाकडची शाळा असेल तर दोन भातवाल्यांचं चांगलं जमेल.

वेळापत्रक. टपालाला एका बाजूनं बारा दिवस धरा, तिकडे वाचून लिहायला आठवडा, परत बारा दिवस. म्हणजे फेरी एका महिन्याची. शाळा जूनच्या मध्यात उघडली (विदर्भात आणखी उशिरा) तरी पट स्थिर व्हायला जुलै उजाडतो. म्हणून:

पहिली जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात.

दुसरी गणपतीनंतर लगेच. ही सर्वांत रंगते. आपली ऋषिपंचमी म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी, त्याच दिवशी पश्चिम ओडिशात नुआखाई असते. नव्या भाताचा सण, बरगढ-संबलपूरकडचा वर्षातला मोठा. शिवाय ओडिशातल्या शाळांत गणेशपूजा होते, त्यामुळे 'तुमचा गणपती शाळेत बसतो की घरी?' हा प्रश्न दोन्हीकडे लागू पडतो. मात्र कार्ड सणानंतर लिहा, म्हणजे काय खाल्लं, कोण आलं हे ताजं असतं.

मग दुर्गापूजेपासून आपल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काहीही टाकू नका. आधी त्यांची सुट्टी, नंतर आपली. बंद शाळेच्या दाराशी कार्डं जातात आणि कुणाच्या तरी कपाटात राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे चक्रीवादळाचीही धास्ती असते, किनारपट्टीची शाळा असेल तर जास्तच.

तिसरी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, चौथी जानेवारीत. फेब्रुवारीच्या मध्यानंतर बंद.

खर्च: ३८ × ४ = १५२ कार्डं, वर १६ राखीव, म्हणजे १६८. ८४ रुपये. स्पीड पोस्ट आणि दोन शिक्के वेगळे.

वहीत रकाने एवढेच: गट, मुलाचं नाव, टाकल्याची तारीख, विचारलेला प्रश्न, उत्तराची तारीख, उत्तर मिळालं की टाळलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. टाळलेले प्रश्न पुढच्या फेरीत शिक्षकांनी शिक्षकांना फोनवर सांगायचे. आणि टाकण्याआधी प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. हरवलं तर राखीव कार्डावर तेच पुन्हा लिहून घेता येतं.

उंबरठा

याचा पूर्वज हवा असेल तर फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने. १९२०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या त्यांच्या वर्गाचा फ्रान्समधल्याच ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेशी पत्रव्यवहार चालायचा. वर्गात छोटा छापखाना होता, मुलं आपला मजकूर स्वतः जुळवून छापायची आणि तिकडे पाठवायची. त्यातली घेण्यासारखी गोष्ट अशी की आलेला मजकूर सगळ्या वर्गानं मिळून वाचायचा. तुमच्या तेरा गटांनाही ते लागू आहे: आठवड्याला तीन गटांची कार्डं मोठ्यानं वाचा, नकाशावर खूण करा. नाहीतर प्रत्येक गट आपलंच कार्ड दप्तरात कोंबतो.

मेपल_मराठी

परदेशातल्या मराठी शाळांशी असं करणाऱ्यांसाठी दोन ओळी. इथली मराठी शाळा बहुधा रविवारीच भरते आणि भाड्याच्या इमारतीत, तिथे त्या शाळेची टपालपेटीच नसते. पत्ता मंडळाच्या पोस्ट बॉक्सचा घ्या. शाळेचं वर्ष सप्टेंबर ते मे किंवा जून, म्हणजे तुमची जुलैची फेरी इथे कुणालाच मिळणार नाही. आणि अमेरिकेतून पाठवताना साधं पोस्टकार्डाचं तिकीट भारतासाठी चालत नाही, 'ग्लोबल फॉरेव्हर' तिकीट लागतं. पालक घरातलं साधं लावून टाकतात आणि कार्ड परत येतं.

सहावी_अ

पोस्टक्रॉसिंग (अनोळखी लोकांशी पोस्टकार्डं देण्याघेण्याचं संकेतस्थळ) सुचवणारे येतीलच, म्हणून आधीच. ते २००५मध्ये पोर्तुगालात सुरू झालं, छान आहे, पण तिथे तुम्ही ज्याला पाठवता त्याच्याकडून उत्तर येत नाही, दुसऱ्याच कुणाकडून कार्ड येतं. दोन वर्गांची ओळख वाढवायला ते उपयोगाचं नाही.

चाफेकळी

एक राहिलं. पोस्टकार्ड उघडं असतं, वाटेत कुणीही वाचतं. घरचा पत्ता, आई-वडिलांचा फोन नंबर, आडनाव काहीही नको. पहिलं नाव आणि गट क्रमांक पुरे. पालकांची संमती दोन ओळींत लेखी घ्या, त्यात 'कार्डांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणार नाही' हेही लिहा आणि मग खरंच टाकू नका. मोह तिथेच होतो.

पाटीपेन्सिल

गट १३, पहिली फेरी पाकिटात आणि १२ जादा कार्डं, पुढच्या तीन सुट्या. दिवाळीआधीचा खाडा मान्य. तिकडून एखाद्या फेरीचं उत्तर महिना-दीड महिना आलंच नाही तर पुढची टाकायची की थांबायचं?

कोष्टक

मुलांची कार्डं थांबवा. उत्तर न मिळता दुसरं कार्ड लिहायला लावलं की मुलं पहिलंच पुन्हा लिहितात. त्याऐवजी वर्गातर्फे एकच कार्ड मुख्याध्यापकांच्या नावे टाका: अमुक तारखेला ३८ कार्डं टाकली, किती मिळाली तेवढा आकडा कळवा. त्याच दिवशी तिकडच्या शिक्षकांना फोनही करा. बदली झालेली असते, निवडणुकीचं काम लागलेलं असतं, किंवा कार्डं येऊन हजेरीपत्रकाखाली पडलेली असतात. आकडा कळला की जी पोहोचली नाहीत तेवढीच राखीव कार्डांवर उतरवून पाठवा.

डाकथैली

आणि तो फोन करताना विचारा की तिकडचा डाकसेवक शाळेत कितीला येतो. शाखा डाकघर दिवसातले चार-पाच तासच उघडं असतं. सकाळची शाळा सुरू झाली असेल तर तो पोहोचेपर्यंत शाळा सुटलेली असते. अशा वेळी कार्डं डाकघरातच ठेवायला सांगा, शिक्षक नाहीतर मोठी मुलं जाऊन घेऊन येतील.